कुलीनांची भाषा आणि कुळांची भाषा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला. महाराष्ट्रात आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पाली ही बुद्धवचनांची भाषा; तिला राजमान्यता मिळाल्याचे समाधान आपल्या वस्त्यांतही होते. पण आनंदाचा भर ओसरल्यावर एका शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. अभिजात म्हणजे उत्तम कुळात जन्मलेला. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेला, त्या 'क्लासिकल'च्या मुळाशीही प्राचीन रोममधला सर्वांत वरचा नागरिकवर्ग आहे. माणसांना जन्मावरून उच्च-नीच ठरविणाऱ्या समाजाने भाषांचा मान ठरवतानाही जन्माचाच शब्द निवडावा, हा मी केवळ योगायोग मानीत नाही.

कोकणात 'कूळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ घराण्याचा. दुसरा अर्थ खोताची जमीन कसणाऱ्याचा. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून १९३९पर्यंत जमीन कसायचे नाकारून जो संप केला, तो या दुसऱ्या अर्थाच्या कुळांचा होता. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३७मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. पहिल्या अर्थाचे कूळ ज्यांना होते त्यांच्याजवळ सनदा, बखरी आणि पोथ्या होत्या. दुसऱ्या अर्थाच्या कुळांजवळ फक्त बोलणे होते. भाषांचेही असेच आहे. काही भाषा कुलीनांच्या आहेत, काही कुळांच्या. मला येथे त्या दुसऱ्या प्रकारच्या एका भाषेचा इतिहास सांगायचा आहे. ती चरीपासून फार दूर नाही. चौलच्या खाडीच्या मुखावर, कोर्लई गावात, ती आजही बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील.

चौलचा इतिहास मोठा आहे आणि तो लिहिला गेला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' येथील दात्यांची नोंद सापडते. भिक्षुसंघाला दान देणारी ही व्यापारी माणसे होती. इसवी सन ९१६च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला. त्याने या गावाला 'सैमूर' म्हटले, येथे राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांची संख्या सुमारे दहा हजार सांगितली आणि या किनाऱ्यावरच्या शहरांत 'लारीय' नावाची भाषा चालते, असेही टिपून ठेवले. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन येथेच उतरला. याच पट्ट्यात बेने इस्राएल लोक गावोगाव तेल गाळीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी मराठी ही आपली भाषा केली. त्यांच्या वल्हांडण सणाची प्रार्थनापोथी मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह छापली गेली.

म्हणजे अनेक भाषा एका गावात नांदणे ही चौलला नवी गोष्ट नव्हती. परंतु चौलवरचे लेखन वाचताना मला सतत एक उणीव जाणवते. जहाजे कोणाची होती ते कळते. घोडे, रेशीम, सुती कापड यांचा व्यापार कळतो. कोणत्या सुलतानाने कोणाला परवानगी दिली तेही कळते. गलबतातून माल पाठीवर वाहून आणणारा माणूस कोणत्या भाषेत बोलत होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. बहुतेक बंदरांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आता मिळणारही नाही. चौलच्या बाबतीत, निदान एका काळापुरते, ते मिळते. कारण ते उत्तर अजून बोलते आहे.

तो काळ पोर्तुगीजांचा. १५०८मध्ये चौलच्या बंदरात आरमारी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तीत मारला गेला. १५२१मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या उत्तर तीरावर किल्ला बांधायला घेतला. आज आपण ज्याला रेवदंडा म्हणतो तेच त्यांचे चौल. निजामशाहीचे वरचे चौल आतल्या अंगाला राहिले. १५९४मध्ये त्यांनी खाडीच्या दक्षिणेचा कोर्लईचा डोंगरी किल्लाही घेतला. या तटबंदीच्या आत शिपाई, पाद्री, व्यापारी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि आसपासच्या गावांतून आलेली कष्टकरी माणसे एकत्र राहू लागली. पोर्तुगालहून येणाऱ्या जहाजांत बायका फारशा नसत. शिपायांनी ख्रिस्ती झालेल्या येथल्या बायकांशी संसार मांडले. घरकाम, बागकाम, हमाली आणि पहारा येथल्याच ख्रिस्ती झालेल्या लोकांकडे आला.

अशा ठिकाणी धन्याची भाषा चाकराला येत नसते आणि चाकराची भाषा शिकण्याची धन्याला गरज वाटत नसते. काम तर रोज करून घ्यायचे असते. मग धन्याचे शब्द घेऊन चाकर आपल्या पद्धतीने वाक्य जुळवतो. त्याच्या मुलांच्या कानांवर पहिल्यापासून तेच पडते आणि त्या मुलांची ती मायबोली होते. अशा भाषेला भाषाशास्त्रज्ञ 'क्रिओल' म्हणतात. कोर्लईचे लोक मात्र तिला 'नो लिंग' म्हणतात. त्याचा अर्थ 'आमची भाषा'. पंडितांनी दिलेले नाव तिच्या वंशाची चौकशी करते. बोलणाऱ्यांनी दिलेले नाव ती कोणाची आहे एवढेच सांगते.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमंट्स यांनी या भाषेचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या विवेचनातला जो भाग आपल्या विचाराला महत्त्वाचा वाटतो, तो जातीविषयीचा आहे. ही भाषा घडविणारे लोक बहुतांशी खालच्या मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले होते, असे ते मांडतात. धर्मांतरानंतर गावाने त्यांना दूर केले. बेटी तर नाहीच, रोटीव्यवहारही तुटला. दुसऱ्या बाजूला गोऱ्या धन्यांच्या पंक्तीतही त्यांना जागा नव्हती. धर्म बदलला तरी जात आपल्या जागी बसून राहते हे गोव्यानेही दाखविले आहे. तिथे ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांनी आपले ब्राह्मणपण सोडले नाही. चौलच्या या माणसांना दोन्ही बाजूंनी भिंती होत्या. त्या भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत ती एकमेकांशी जे बोलली, त्याची भाषा झाली.

१७३९मध्ये वसई पडली. १७४०च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज गेले. ज्यांना जायला जहाज होते ते गेले. चाकर येथेच राहिले. त्यांची वस्ती कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी टिकून राहिली. इतिहासाच्या नेहमीच्या हिशेबाने ही भाषा येथे संपायला हवी होती. तिच्यामागे आता राजा नव्हता, कचेरी नव्हती, शाळा नव्हती आणि चारी बाजूंना मराठी होती. तरीही ती पुढे अडीचशेहून अधिक वर्षे टिकली. ती कशी टिकली? चर्चमध्ये पोर्तुगीज चालू राहिली हे एक कारण. खाडी ओलांडायला होडीच लागे हे दुसरे. परंतु जातीची भिंत हे सर्वांत मोठे कारण मला वाटते. ज्यांच्याशी लग्नसंबंध नाही, ज्यांच्या घरात पाणी पिण्याची सोय नाही, त्यांची भाषा घरात शिरत नाही. ती फक्त बाजारापुरती येते.

हे वाक्य लिहिताना मला सावध राहावे लागते. भाषा टिकवून धरल्याबद्दल कोणी जातीचे आभार मानू लागेल. गावकुसामुळे महारांची वेगळी गाणी टिकली, म्हणून गावकूस चांगले असे म्हणण्यासारखेच ते होईल. जे बहिष्कारातून जन्मले ते बहिष्कृतांचे कर्तृत्व आहे. त्याचे श्रेय बहिष्कार घालणाऱ्याला देता येत नाही.

या भाषेची घडण पाहिली म्हणजे हे कर्तृत्व केवढे आहे ते दिसते. तिच्यातले बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. वाक्य मात्र मराठीच्या वळणाचे झाले आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येते, येथे ते मराठीप्रमाणे शेवटी जाते. मराठीत जिथे 'ला' हा प्रत्यय लागतो, तिथे तिने पोर्तुगीज 'पारा' या शब्दाला झिजवून एक छोटे अव्यय केले आणि 'ला'ची सर्व कामे त्याच्याकडून करून घेतली. मराठीतून क्रियापदे उसनी घेतली तेव्हा त्यांच्यासाठी शेवटी 'उ' येणारा एक नवा गणच तयार केला. हे काम कोणत्याही व्याकरणकाराने केलेले नाही. पाणी भरणाऱ्या, मासे वाळविणाऱ्या, नारळीच्या वाडीत राबणाऱ्या माणसांनी ते केले. याला मोडकी पोर्तुगीज म्हणणे म्हणजे मराठीला मोडके संस्कृत म्हणणे होय, आणि मराठीलाही एके काळी पंडितांनी त्याच भावनेने पाहिले होते.

शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी आपल्या मराठीकडेही एकदा या दृष्टीने पाहावे. पगार, घमेले, बादली, चावी, साबण, पाव, तुरुंग, पाद्री, इस्त्री, बटाटा, काजू हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमधून आले. गोव्याचे सेबास्तियाव रोदोल्फु दाल्गादु यांनी १९१३मध्ये आशियातल्या भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश प्रसिद्ध केला; त्यात या देवघेवीचा पसारा दिसतो. वरची यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घमेले डोक्यावर घेणारा, बादली उचलणारा, पगारासाठी रांगेत उभा राहणारा, कपड्यांना इस्त्री करणारा आणि तुरुंगात जाणारा माणूस कोण होता? हे शब्द ग्रंथांतून आले नाहीत, कामातून आले. त्यांना मराठीत आणणारे हात कष्टकऱ्यांचे होते. पण मराठीने हे शब्द घेतले तर तिला आपण समृद्ध म्हणतो. कोर्लईकरांनी तेच केले तर त्यांच्या भाषेला भेसळ म्हणतो. एकाच व्यवहाराला दोन न्याय लावण्याची ही आपली जुनी सवय आहे.

आता इंग्रजीकडे वळतो. आज तिच्या दिमाखाकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण या किनाऱ्यावर इंग्रजांना आधी पोर्तुगीज शिकावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६९८च्या सनदेत अशी अट होती की, हिंदुस्थानात येणाऱ्या धर्मोपदेशकांनी एका वर्षाच्या आत पोर्तुगीज शिकावी आणि जिथे राहतील तिथली भाषाही शिकावी. हेतू असा की कंपनीच्या चाकरांना आणि गुलामांना धर्म शिकविता यावा. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरत-मुंबईपासून बंगालपर्यंत पोर्तुगीज ही बंदरावरच्या चाकरांची भाषा झालेली होती. सत्ता नवी असते तेव्हा ती चाकराची भाषा शिकते. ती पक्की झाली म्हणजे चाकराने तिची भाषा शिकायची असते.

इंग्रजी सत्ता पक्की झाली. १८४०मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले आणि चौल कंपनीच्या अमलाखाली आले. याच सुमारास प्रमाण मराठीही घडत होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये छापला गेला. कँडी बंधू त्या कामात होते आणि शब्द पारखायला ब्राह्मण शास्त्री होते. कोश मोठा आहे, त्याचे मोल मी कमी करीत नाही. परंतु कोणता शब्द सभ्य आणि कोणता गावंढळ हे ठरविण्याचा अधिकार त्या काळात इंग्रज अंमलदार आणि शास्त्री यांच्या हातांत एकत्र आला. पुढे पाठ्यपुस्तके त्याच भाषेत झाली. शाळेचे दार तर त्याहून अरुंद होते. १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. तेव्हा इंग्रजी आली आणि अस्पृश्यांना शिक्षण मिळाले, अशी सरळ रेघ इतिहासात नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांना ती वाट स्वतः पाडावी लागली.

इंग्रजीने माणसांची नावेही बदलली. मुंबई, साष्टी, वसई येथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातही पोर्तुगीज वळणाची एक बोली होती. दाल्गादुंनीच १९०६मध्ये तिचे वर्णन केले आहे. ही माणसे इंग्रजांच्या कचेऱ्यांत नोकऱ्या शोधू लागली तेव्हा गोव्याहून येणाऱ्या लोकांहून आपण वेगळे आहोत हे दाखविणे त्यांना आवश्यक वाटले. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. ते कंपनीच्या नावावरून होते. पुढे मुंबईकडची ती बोली मावळत गेली. मी त्या लोकांना दोष देत नाही. नोकरीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्या दारावरची भाषा बोलावी लागते.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? राज्यघटनेच्या ३४३व्या कलमाने हिंदीला संघराज्याची राजभाषा केले आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली. १९६३च्या राजभाषा कायद्याने ती मुदत मोकळी केली. आठव्या अनुसूचीत प्रारंभी १४ भाषा होत्या, आता २२ आहेत. १९५६मध्ये घातलेले ३५०-अ हे कलम सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. कागदावर सर्व आहे. पण २०११च्या जनगणनेचे आकडे पाहा. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २४,८२१ लोक होते. ती आठव्या अनुसूचीत आहे. भिली आणि तिच्या गटातल्या बोली बोलणारे १ कोटी ४ लाख होते. ती अनुसूचीत नाही. गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, तीही नाही. इंग्रजी मातृभाषा असलेले जेमतेम २ लाख ६० हजार. तिला अनुसूचीची गरजच नाही, कारण उच्च न्यायालयापासून विमानतळापर्यंत तिचे राज्य आहे. या उतरंडीला भाषिक वैविध्य हे गोड नाव आहे. मला ती भाषांची वर्णव्यवस्था वाटते.

आणि वर्णव्यवस्थेला जसे पंचम असतात तसे येथेही आहेत. त्याच जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांची १२१ भाषांत विभागणी झाली. १९७१पासून असा नियम आहे की, दहा हजारांहून कमी लोकांची भाषा स्वतंत्र दाखवायची नाही; ती 'इतर' या रकान्यात जाते. कोर्लईच्या भाषेचे सर्व बोलणारे मिळूनही दहा हजारांच्या जवळपास पोचत नाहीत. सरकारी पुस्तकात म्हणून ती भाषाच नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१०पासून झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली आणि कोर्लईकडेही लक्ष वेधले. ते काम लोकांनी केले, सरकारने नव्हे.

दरम्यान कोर्लईच्या भिंती एकेक करून पडत होत्या. १९६०नंतरच्या दशकात चर्चमधली पोर्तुगीज गेली आणि उपासना मराठीत आली. १९८६मध्ये खाडीवर पूल झाला. रेवदंड्याचा बाजार, अलिबागचे कॉलेज, मुंबईची नोकरी जवळ आली. मुले मराठी शाळेत गेली, आता इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत. अशा वेळी काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. कोचीजवळच्या वैपिन बेटावर अशाच पोर्तुगीज वळणाच्या भाषेचा अखेरचा बोलणारा २०१०मध्ये वारला आणि भाषा त्याच्याबरोबर गेली.

येथे आपल्यासारख्यांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या भिंतीने भाषा राखली ती भिंत पडली, याचा आपण आनंद मानायचा की शोक? भाषाप्रेमी मंडळी शोक करतात. मुंबईहून गाडी करून येतात, म्हाताऱ्या बाईचे गाणे ध्वनिमुद्रित करतात आणि मुलांना उपदेश करतात की, बाळांनो, ही ठेव जपा. त्यांची स्वतःची मुले मात्र इंग्रजी शाळेत असतात. मला हा उपदेश मान्य नाही. माणसाने पूल ओलांडावा, कॉलेजात जावे, हव्या त्या घरात लग्न करावे. भाषा टिकविण्यासाठी कोणी गरीब राहायचे नसते, वस्तीत कोंडून घ्यायचे नसते. आपल्यालाही एके काळी हेच सांगितले जात होते की तुमची कला टिकवा, तुमचा ढोल-ताशा टिकवा. बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढू नका असे सांगितले तेव्हा परंपरा मोडली म्हणून हळहळणारेही होतेच.

पण याचा अर्थ भाषा मरू द्यावी असा नाही. पूल ओलांडून पलीकडे जाताना मुलाला आपली भाषा अलीकडे फेकून द्यावी लागते, ती कोणामुळे? शाळेमुळे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे 'व्हतं' म्हटले की वर्ग हसे आणि 'न्हाई' म्हटले की छडी बसे. आमच्या घरातली भाषा ही चूक आहे, हा पहिला धडा आम्ही शिकलो. अक्षरे नंतर आली. पुढे मी स्वतः या किनाऱ्यावर शिक्षक झालो. रायगडातल्या कातकरी वाड्यांतली मुले पहिलीत येतात आणि महिनोन्‌महिने गप्प बसतात. त्यांना मंद म्हटले जाते. ती मंद नसतात. घरी अखंड बोलणारे मूल शाळेत मुके होते, कारण वर्गात त्याची भाषा कोणाला येत नाही आणि ती यावी असे कोणाला वाटतही नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला. मोठे वादळ झाले आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. मराठीच्या हक्कासाठी लोक रस्त्यावर आले हे योग्यच झाले. पण त्या सर्व चर्चेत कातकरी, वारली, कोरकू, कोलामी, गोंडी मुलांसाठी मराठीच दुसरी भाषा असते, हे किती जणांना आठवले? दिल्लीपुढे मराठी माणूस जो न्याय मागतो, तो आपल्या दाराशी उभ्या असलेल्या भाषेला द्यायला त्याने तयार असले पाहिजे.

इंग्रजीबद्दलही आपण स्पष्ट बोलावे. आपल्यातला एक वर्ग तिला मुक्तिदात्री मानतो. दुसरा तिला गुलामीची खूण समजतो. बाबासाहेबांनी दोन्ही टोके टाळली. १९१९मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती इंग्रजीत आणि पुढच्याच वर्षी 'मूकनायक' काढले ते मराठीत. १९३६चा जातिनिर्मूलनाचा ग्रंथ इंग्रजीत आहे, 'बहिष्कृत भारत' मराठीत आहे. सत्तेला जाब विचारायला एक भाषा आणि आपल्या माणसांना उभे करायला दुसरी. त्यांनी एकीसाठी दुसरी टाकली नाही. आज गावोगाव निघालेल्या स्वस्त इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या गरिबांच्या मुलांना नेमके हेच मिळत नाही. त्यांची मराठी सुटते आणि इंग्रजी हाती लागत नाही. श्रीमंतांच्या मुलांना चांगली इंग्रजी आणि गरिबांच्या मुलांना इंग्रजीचा गणवेश, असा हा नवा बलुतेपणा आहे. चांगली इंग्रजी सर्वांना मिळाली पाहिजे, ती चांगल्या सरकारी शाळेत मिळाली पाहिजे आणि तिच्यासाठी घरची भाषा गहाण टाकावी लागू नये.

दलित साहित्याने याचा एक पुरावा दिलेला आहे. १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द अनोळखी होते आणि त्यांनी तसे लिहिले. १९७८मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. ज्या बोलीला वर्गात छडी बसत होती, ती छापली गेली आणि मराठीला ती वाचावी लागली. शब्द तेच होते. लिहिणाऱ्याने त्यांची लाज सोडली होती. कोर्लईच्या भाषेतही कोणी लिहील की नाही हे कोर्लईचे लोक ठरवतील. आपण दलित आहोत की नाही, हेही तेच ठरवतील. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. तो शिखांना १९५६मध्ये आणि बौद्धांना १९९०मध्ये मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना तो अजून मिळालेला नाही. धर्म बदलला की जात संपली असे मानणाऱ्या कायद्याला या खाडीवरच्या भाषेने केव्हाच उत्तर दिले आहे. जात संपली असती तर ही भाषा उरलीच नसती.

आता कार्यकर्त्यांनी काय करावे, एवढेच सांगून थांबतो. जनगणना २०२७साठी जाहीर झाली आहे. मातृभाषेचा रकाना भरताना मोजणारा माणूस स्वतःच्या मनाने 'मराठी' लिहून मोकळा होतो, कारण विचारायला वेळ लागतो आणि समोरचा संकोचतो. हा संकोच घालविणे आपल्याला जमते. धर्मांतरानंतर आपले कार्यकर्ते घरोघर फिरले, 'बौद्ध' लिहा म्हणून सांगत राहिले. १९५१मध्ये देशात बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते, १९६१मध्ये ते साडेबत्तीस लाखांच्या घरात गेले. एका रकान्यात काय लिहिले जाते याचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? त्याच तळमळीने कातकऱ्याने कातकरी, भिल्लाने भिली, कोर्लईच्या माणसाने आपल्या भाषेचे नाव लिहावे, म्हणून फिरले पाहिजे. दहा हजारांचा नियम रद्द करण्याची मागणी केली पाहिजे. शिक्षकांनी पहिलीच्या वर्गात मुलाच्या भाषेतले पन्नास शब्द तरी शिकून घ्यावेत. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीची भाषा लिहून ठेवावी. त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही. मराठी अभिजात ठरली आहे. तिने आता कुळांच्या भाषांशी खोतासारखे वागू नये, एवढे तिला बजावणे मराठीत लिहिणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.